दुसऱ्या खड्ड्यावरचे पक्षी

हाइडमध्ये, म्हणजे पक्ष्यांना आपण दिसू नये म्हणून उभारलेल्या आडोशात, बसून फोटो काढले की पक्ष्यांना त्रास होत नाही असं मी कायम ऐकत आले, आणि ते बरंचसं खरंही आहे, कारण तुम्ही पक्ष्याच्या मागे पळत नाही, तो त्याच्या वेळेला येतो, पाणी पितो, आंघोळ करतो, जातो. पण मागच्या उन्हाळ्यात मी हाइडच्या आत कमी आणि बाहेर जास्त होते. मामाच्या बागेत हाइड उभं करण्यापासून ते लोकांना आत बसवणं, बाहेर काढणं, पाणी बदलणं, सगळं केलं, आणि बाहेरून जे दिसतं ते आत बसलेल्याला अजिबात दिसत नाही हे तेव्हा कळलं. ज्यांना स्वतःचं हाइड काढायचंय त्यांच्यासाठी लिहितेय, आणि जे पैसे भरून बसायला जातात त्यांच्यासाठी तर जास्तच.

आधी जागा सांगते. माझं आजोळ दोडामार्ग तालुक्यात, तिलारीच्या बाजूला. मामाची काजूची बाग आहे आणि तिची मागची कड सरळ जंगलाला लागते, मधे जांभ्याचा एक गडगा आहे तोही अर्धा ढासळलेला. तिलारीचं जवळपास साडेएकोणतीस चौरस किलोमीटर जंगल 2020 मध्ये संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं, आमची बाग त्याच्या बाहेर, खाजगी जमिनीत. पावसात इथे पाणी नको होतं इतकं, पण जांभ्याची जमीन ते धरून ठेवत नाही, मार्च लागला की मागचा व्हाळ, म्हणजे ओढा, आटतो आणि एखाददुसऱ्या कोंडीत काय उरेल तेवढंच. म्हणून मामा कित्येक वर्षं परड्याच्या टोकाला फणसाखाली एक उथळ खड्डा रोज भरून ठेवतो. त्याला फोटोबिटोशी काही देणंघेणं नाही, पाखरं येतात म्हणून भरतो. शीळकरी कस्तूर, पाचू होला, शामा, निलिमा, कधी रानकोंबडी पण.

हाइड काढायचं डोक्यात आलं ते मामेभावाच्या, बाबूच्या. शेजारी कर्नाटकात आणि गोव्यात अशी हाइड्स चालतात, उन्हाळ्यात लोक लांबून येतात, आणि काजूच्या भावावर वर्ष काढायचं म्हणजे जीव मुठीत. मी तेव्हा दोन नोकऱ्यांच्या मधे होते, कोल्हापूरहून गेले मदतीला.

बाबू म्हणत होता की मामाच्या खड्ड्यासमोरच हाइड लावू, पक्षी तिथे येतातच, वेगळं काही करायलाच नको. मामा बिलकुल तयार झाला नाही. "तां पाणी तेंचा आसा, थंय कोण बसाक नाय," एवढंच म्हणाला. मग बागेच्या दुसऱ्या टोकाला, गडग्याजवळ, नवीन खड्डा खणला. मला त्यावेळी वाटलं होतं की मामा उगाच काम वाढवतोय, पण पुढे जे काही शिकले ते दोन खड्डे होते म्हणूनच शिकले.

नवीन खड्डा म्हणजे खड्डा कसला, जांभ्याचे दगड लावून केलेली पसरट परात म्हणा, कडेला बोटाच्या पेराएवढं पाणी आणि मधे फार तर चार बोटं. जास्त खोल केलं की फुलवेटा, निलिमा असले छोटे पक्षी नुसते काठावर बसून पितात, आत उतरत नाहीत. वर फांदीला मडकं टांगलं, महादेवाच्या पिंडीवरच्या अभिषेकपात्रासारखं, थेंब थेंब पडत राहील असं. हा थेंबांचा आवाज फार महत्त्वाचा, उन्हाळ्यात कोरड्या जंगलात तो पक्ष्यांना लांबून कळतो, पाणी दिसायच्या आधी.

हाइड लगेच लावलं नाही. आधी नुसतं पाणी. पक्षी यायला लागल्यावर खड्ड्यापासून बऱ्याच लांब नुसते बांबू उभे केले, वर काही नाही. मग थोडं पुढे आणले. मग हिरवी जाळी, मग पेंढा आणि माडाची झापं, असं करत करत शेवटी पाण्यापासून साधारण 7 मीटरवर आलो. ही पद्धत जुनी आहे, जेव्हा लेन्सा छोट्या होत्या आणि अगदी जवळ गेल्याशिवाय फोटो होत नसे तेव्हा लोक असंच करायचे, हाइड रोज थोडं पुढे सरकवायचं आणि पक्ष्याने मान्य केलं का ते बघायचं. बाबूला घाई होती कारण फोन यायला लागले होते, पण हा वेळ दिला त्याचा फायदा पूर्ण सीझन झाला. एका रात्रीत उभ्या केलेल्या हाइडला पक्षी सरावतात पण काही सरावत नाहीत, आणि न सरावलेले कोण ते तुम्हाला कळणारच नाही कारण ते आलेलेच नसतात.

आतली व्यवस्था. चार स्टुलं, समोर आडवी फळी, लेन्स टेकवायला बीनबॅगा. समोरच्या जाळीला लेन्सपुरत्या खिडक्या, त्यांना आतून काळ्या कापडाच्या बाह्या, त्यातून लेन्स बाहेर. आणि मागची बाजू पूर्ण बंद, काळं जाड कापड. ही मागची बाजू बऱ्याच ठिकाणी उघडी ठेवतात हवा यावी म्हणून, पण मागून उजेड आला की आत बसलेल्या माणसाची आकृती समोरून लख्ख दिसते, तुम्ही हात हलवला, पाणी प्यायलात, सगळं दिसतं, मग समोर कितीही कॅमो नेट लावा. आत अंधार पाहिजे. उकडतं, मान्य आहे, मे महिन्यात तिथे घामाच्या धारा लागतात, वरच्या बाजूला झापांमधून हवेला फट ठेवली तेवढंच.

पहिले लोक मार्चच्या शेवटी आले. पहाटे साडेपाचला घरी कोरा चहा, आणि उजाडायच्या आत आत बसायचं. बाबू किंवा मी बरोबर जायचो, सगळे मिळून आत शिरायचो आणि मग आम्ही मुद्दाम पायाचा आवाज करत, आपसात थोडं बोलत बाहेर निघून जायचो. ही पण जुनीच युक्ती आहे, पक्षी बघतो की माणसं आली आणि माणसं गेली, किती आली किती गेली याचा हिशोब तो ठेवत नाही असं म्हणतात. मला ते सगळ्यांच्या बाबतीत पटत नाही, कावळ्याच्या बाबतीत तर नाहीच, पण बुलबुल, होले, बॅबलर यांच्यावर चालते हे डोळ्यांनी बघितलंय. नुसते चार जण आत शिरले आणि कोणीच बाहेर आलं नाही तर पाणी खूप वेळ रिकामं राहतं.

आत जायच्या आधी मी सगळ्यांना कॅमेरे काढायला लावायचे. बीप बंद, फोकसला मदत करणारा लाल दिवा बंद, फोटो काढल्यावर मागे आपोआप दिसतो तो बंद, स्क्रीनचा ब्राइटनेस कमी, फ्लॅश असेल तर घरी. मिररलेस कॅमेरा असेल तर सायलेंट शटर. डीएसएलआरचं शटर वाजतंच, त्या लोकांना सांगायचे की बाबांनो पक्षी उतरल्या उतरल्या बर्स्ट, म्हणजे एका दमात धडाधड फोटो, मारू नका, त्याला एकदा पाणी पिऊ दे, मान खाली-वर दोन-तीनदा झाली की मग तो जरा सैल होतो, मग एखादा फोटो, थांबा, परत. पहिल्याच क्षणी खडखडखड आवाज आला की तो उडतोच, आणि तो एकटा उडत नाही, त्याच्याबरोबर वरच्या फांदीवर रांगेत थांबलेले सगळे जातात. लेन्स फिरवायची तर अगदी सावकाश, पुढची काच मोठी असते, आणि ती गर्रकन फिरली की समोरच्याला ती कसली वाटत असेल विचार करा. पांढरे कपडे नको, पर्फ्यूम नको, कुरकुरीत पिशव्या नको. खोकला येणाऱ्याने खडीसाखर जवळ ठेवायची. आणि सगळ्यात मोठा नियम, मधेच बाहेर यायचं नाही. साडेदहाला आम्ही येऊ, पाण्यावर कोणी नाही ते बाहेरून बघू आणि मग आवाज देऊ. संध्याकाळचं सेशन अंधार झाल्यावर संपणार आणि आम्ही टॉर्च घेऊन न्यायला येणार, त्याशिवाय कोणी निघायचं नाही, कारण 2002 पासून दोडामार्गात हत्ती आहेत आणि केळी-बांबूच्या वाटेवर अंधारात एकट्याने चालणं शहाणपणाचं नाही.

लोकांना बसवलं की मी घराच्या मागच्या पडवीत दुर्बीण घेऊन बसायचे. तिथून फणसाखालचा मामाचा खड्डा स्पष्ट दिसतो, आणि हाइडची मागची बाजू झाडांमधून थोडीफार. बसायचे ते सहज, करण्यासारखं दुसरं नव्हतं म्हणून. पण थोड्याच दिवसांत लक्षात आलं की मामाच्या खड्ड्यावर कधी गर्दी असते आणि कधी नसते, आणि त्याचा संबंध आत कोण बसलंय त्याच्याशी आहे.

एकदा बेळगावकडचे एक निवृत्त शिक्षक आले होते, जुना कॅमेरा, 300 ची लेन्स. त्या सकाळी हाइडमध्ये ते एकटेच. आत गेले ते साडेदहापर्यंत जणू नाहीतच. मामाच्या खड्ड्यावर त्या सकाळी जवळजवळ कोणी फिरकलं नाही, एखादा बुलबुल, बास. बाहेर आल्यावर त्यांना विचारलं काय काय आलं तर त्यांनी सावकाश यादी सांगितली, निलिमाची जोडी, कस्तूर, पाचू होले, फुलवेटांचा थवा, पफ थ्रोटेड बॅबलर, आणि थोडा वेळ एक फॉरेस्ट वॅगटेल. फोटो किती काढले म्हटल्यावर म्हणाले, मोजके, बाकी बघत होतो.

त्यानंतरच्या शनिवारी चार मित्रांचा ग्रुप. माणसं वाईट नव्हती, उत्साही होती, गिअर भारी, एकमेकांना सेटिंग सांगत होते, कुजबुजत का होईना पण सतत. एकाचं स्टूल करकरत होतं. कोणीतरी चिवड्याची पिशवी उघडली ती मला पडवीत ऐकू आली नाही पण मामाच्या खड्ड्यावर त्याचा परिणाम दिसला, कारण आठच्या सुमारास तिथे एकदम रांग लागली. फुलवेटा आधी, त्यांच्यामागून मोनार्क, मग निलिमा, मग दोन कस्तूर. मामा मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बघलंस गो, सगळी हयसर इली." ग्रुप साडेदहाला बाहेर आला तो खूश होता. बुलबुल भरपूर, होला मिळाला, एकाला तर होला लाइफर होता, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसला. त्यांच्या दृष्टीने सकाळ छान गेली, कोणी पक्षी घाबरून उडालेला त्यांनी बघितलाच नव्हता, आणि ते खरंच होतं, कारण जे बिचकले ते खाली उतरलेच नाहीत, वरूनच वळले.

त्रास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उडून जाणारा पक्षी येतो. पण पाण्यावर येणारा पक्षी आधी उंच फांदीवर बसतो, बघतो, मग मधल्या फांदीवर, परत बघतो, मग काठावर. यातल्या कुठल्याही पायरीवरून तो मागे फिरतो आणि हाइडच्या खिडकीतून वरच्या दोन पायऱ्या दिसतच नाहीत, खिडकी पाण्याकडे रोखलेली असते. आमच्याकडे दुसरा खड्डा होता म्हणून तो मागे फिरलेला पक्षी पन्नास-साठ पावलांवर पाणी पिऊन गेला. जिथे आजूबाजूला सगळा व्हाळ कोरडा आणि पाणी फक्त हाइडसमोर, तिथे तो 38 डिग्रीच्या दुपारी तहानलेलाच वर बसून राहतो, नाहीतर तहान असह्य झाली की भीती गिळून उतरतो, आणि मग आपण म्हणतो बघा किती बिनधास्त पक्षी आहेत इथले. काही ठिकाणी तर आसपासचं दुसरं पाणी मुद्दाम बुजवतात, सगळे पक्षी हाइडसमोरच यावेत म्हणून, आणि पाण्याच्या कडेला काटे लावतात, म्हणजे पक्ष्याला आपण लावलेल्या शेवाळलेल्या काटकीवरच बसावं लागतं. फोटो सुंदर येतात. मला ते आता बघवत नाहीत.

झुडपांवरून पण वाद झाला. नवीन खड्ड्याच्या मागे रानमोडीची आणि करवंदाची जाळी आहे, दाट. दोन-तीन जणांनी बाबूला सांगितलं की बॅकग्राउंड क्लीन नाही, ती जाळी साफ कर, मागे मोकळं झालं की हिरवा मखमली धूर येतो फोटोत. बाबू कोयता घेऊन निघालाही होता. मी आणि मामाने थांबवलं, कारण आंघोळ केलेला पक्षी भिजून जड होतो, त्याला नीट उडता येत नाही, त्याला दोन उड्यांत शिरता येईल असा आडोसा लागतो जिथे तो बसून पंख साफ करेल. आणि शिक्र्याला आमच्या खड्ड्याचा पत्ता एप्रिलमध्येच लागला होता. तुम्ही एका जागी रोज पाणी ठेवता म्हणजे शिकाऱ्यासाठी पण ती जागा ठरवून देता. ती करवंदाची जाळी नसती तर त्याने रोज एखादा उचलला असता. त्याच कारणाने मामीची मांजर सीझनभर दिवसा घरात, आणि मामी त्यावरून माझ्यावर नाराज होती बराच काळ.

पाणी रोज बदलायचं, आणि आठवड्यातून एकदा दगड ब्रशने घासून, पूर्ण वाळवून मग भरायचं. हे कंटाळवाणं काम आहे पण यात तडजोड नको. अनेक पक्षी एकाच उथळ पाण्यातून पितात, त्यातच विष्ठा पडते. होल्या-कबुतरांच्या घशात होणारा एक परजीवी रोग, ट्रायकोमोनोसिस, अशा दाणापाण्याच्या जागांवरून पसरतो. ब्रिटनमध्ये 2005 नंतर ग्रीनफिंच या एकेकाळी बागेबागेत दिसणाऱ्या पक्ष्याची संख्या याच रोगाने भयानक कोसळली, लोकांनी प्रेमाने ठेवलेल्या फीडरवरून. आम्ही तर प्रेमाने आणि पैशासाठी असं दोन्ही कारणांनी पाणी ठेवलेलं, मग जबाबदारी दुप्पट.

संध्याकाळचं सेशन सगळ्यात अवघड. शामा, निलिमा, शीळकरी कस्तूर हे आंघोळीला उशिरा येतात, सूर्य गेल्यावर, उजेड इतका कमी की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता, कितीही चढवला तरी शटरचा वेग 1/60 सेकंदाच्या वर जात नाही. शामाची शेपटी, ती आंघोळ, पाण्याचे थेंब, सगळं समोर आणि फोटो मात्र हललेला. त्या वेळी माणसाची परीक्षा असते. एका संध्याकाळी एकाने खिशातून छोटा एलईडी पॅनल काढला आणि लावला. माझ्यासमोर झालं, त्या दिवशी मी आतच होते. शामा पाण्यातून बाहेर पडून करवंदात शिरला आणि तिथून टक टक टक करत राहिला, अर्धवट भिजलेला, आणि अंधार पडेपर्यंत परत उतरला नाही. मी तिथेच हात धरून लाइट बंद करायला लावला, ते गृहस्थ म्हणाले की दुसऱ्या हाइडवर तर मालक स्वतः लावून देतो. असेलही. पुढच्या काही संध्याकाळी तो शामा आला तो पार काळोख झाल्यावर, नुसता पाण्याचा आवाज ऐकू यायचा. भिजलेला पक्षी अंधारात झोपायला जाणार, पंख वाळवायला वेळ नाही, आणि कारण काय तर एका माणसाला 1/60 ऐवजी 1/250 पाहिजे होतं. तेव्हापासून बाबू संध्याकाळच्या लोकांना स्पष्ट सांगतो की साडेसहानंतर कॅमेरे खाली ठेवा आणि नुसतं बघा, आणि खरं सांगते, बऱ्याच जणांनी नंतर त्याच अर्ध्या तासाबद्दल सगळ्यात जास्त बोललं.

एप्रिलमध्ये नवरंग पक्ष्यासाठी फोन सुरू झाले. तो त्या सुमारास परतीच्या तयारीत असतो, सकाळ-संध्याकाळ त्याची दोन सुरांची शीळ येते, आणि मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवला की तो येतो, यात काही कौशल्य नाही. तो येतो कारण त्याला वाटतं आपल्या जागेत दुसरा नवरंग घुसलाय. प्रवासाला निघायच्या आधी त्याने खाऊन पिऊन अंगात ताकद भरायची ती वेळ तो नसलेल्या शत्रूला शोधण्यात घालवतो. आम्ही मोबाइल सरळ आत नेऊच दिले नाहीत, एका डब्यात पडवीत ठेवायचे सगळ्यांनी. पक्ष्यांना टाकायला मीलवर्मच्या, म्हणजे जिवंत अळ्यांच्या, डब्या घेऊन येणारे पण होते, पेट शॉपमधून आणलेल्या. त्या पण पडवीत. यावर एकदोघं खूप रागावले, आम्ही पैसे भरलेत म्हणाले. बाबू गप्प बसला, त्याचं पोट त्यावर आहे, मला त्याची अडचण कळते. पण मामा पुढे होऊन म्हणाला, "पैशे पाण्याचे घेतलेले नाय, बसाचे घेतलेले आसत." मग ते बसले. मिळालं त्यांनाही, किडे न टाकता.

आणि मग जून. कोकणात पहिला पाऊस पडला की तिबोटी खंड्या येतो. रायगडचा तो जिल्हा पक्षी आहे, पण खाली सिंधुदुर्गातही येतो, ओढ्याच्या नाहीतर रस्त्याकडेच्या मातीच्या उभ्या कडेला बीळ खणतो, आत अंडी घालतो, आणि पिल्लं झाली की दोघं नर-मादी दिवसभर छोटे खेकडे, सापसुरळ्या, बेडकं घेऊन बिळात ये-जा करतात. इतक्या रंगांचा पक्षी चोचीत खेकडा घेऊन ठरलेल्या फांदीवर ठरलेल्या वेळेला बसणार, म्हणजे फोटोग्राफरला दुसरं काय पाहिजे. सगळ्यात जास्त पैसा या घरट्यांसमोरच्या हाइडमध्ये आहे. आम्हाला मे संपायच्या आधीपासून फोन, नेस्ट आहे का, नेस्टचं काय घेता.

आमच्या व्हाळाच्या दरडीत बीळ होतं. मला माहीत होतं, मामाला तर वर्षानुवर्षं माहीत आहे. त्या वर्षी शेजारच्या कोणाच्या तरी जमिनीत एका बिळासमोर कोणीतरी हाइड लावलं होतं, ते मी बघून आले. बिळावरचं लोंबणारं गवत आणि मुळं कापून टाकलेली, समोर काटकी रोवलेली, आणि पक्षी काटकीवर खेकडा धरून बसलेला, बिळात जात नव्हता. मी लांबून दुर्बिणीतून बघत होते. आत शटर चालू. तो उडाला, फिरून आला, परत बसला, परत गेला. आतल्यांना एकामागून एक फ्रेम मिळत होत्या कारण तो आत जातच नव्हता, आणि बिळातली पिल्लं त्या खेपेला उपाशी. म्हणजे जितका त्रास जास्त तितके फोटो जास्त. पाण्यावर निदान पक्षी दुसरीकडे जाऊ शकतो. घरट्यावर त्याला दुसरा खड्डा नसतो. ते गवत कापल्यावर बीळ घोरपडीला, मांजराला, सगळ्यांनाच दिसणार हे वेगळंच.

आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं सुद्धा येतं, हे बहुतेक फोटोग्राफरना माहीत नसतं, मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांना धक्काच बसला. ब्रिटनमध्ये 1981 च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात जे पक्षी आहेत त्यांना घरट्याजवळ त्रास होईल असं काही परवान्याशिवाय करता येत नाही, आणि त्या यादीत आपल्या ओढ्यावर दिसणारा तो छोटा निळा खंड्या आहे, तोच, तीच जात. पूर्वी घरट्यावरच फोटो काढायचे हे खरं आहे, एरिक हॉस्किंगसारख्या नामवंत ब्रिटिश पक्षी-फोटोग्राफरने 1937 मध्ये घुबडाच्या घरट्याजवळच्या हाइडवर एक डोळा गमावला, पण तेव्हा लेन्स आणि फिल्म अशा होत्या की दुसरा मार्ग जवळपास नव्हता. आज 600 एमएमची लांब पल्ल्याची लेन्स हातात धरून चालणाऱ्या माणसाला ती सबब नाही.

बाबूने नेस्टला नाही म्हटलं. सहज नाही म्हटलं, असं मी सांगणार नाही, रात्री जेवताना दोन-तीनदा विषय निघाला, आकडे मांडले गेले, काजू कमी झाला होता त्या वर्षी. मी काही बोलले नाही कारण माझं घर त्यावर चालत नाही. शेवटी मामीच म्हणाली की पिल्लांच्या तोंडातला घास काढून आपल्याला नको. मग जूनचं बुकिंग बंद केलं आणि पावसाने खड्डे आपोआप भरले.

यंदा मार्चपासून हाइड परत सुरू झालंय. स्टुलं चाराची तीन केलीत आणि दर थोडा वाढवलाय, काहींनी कुरकुर केली पण बहुतेकांनी मान्य केला. आतल्या स्टुलांना खाली रबर ठोकलंय, करकर बंद. आठवड्यातले दोन दिवस हाइड पूर्ण रिकामं, पाणी मात्र भरलेलं. मामाच्या खड्ड्यासमोर बसायला मिळेल का असं विचारणारे आहेतच, त्यांना पडवीतून दुर्बीण देतो. एप्रिलचे शनिवार-रविवार भरले आहेत, मधले वार मोकळे आहेत, आणि हाइडच्या त्या दोन रिकाम्या दिवसांनंतरच्या पहिल्या सकाळी जो बसतो त्याला सगळ्यात जास्त पक्षी दिसतात, तेव्हा रजा टाकता येत असेल तर गुरुवार मागून घ्या.